नीरब्राह्मीची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा जवळ आली की 'ब्राह्मी घे, पाठांतर लवकर होईल' असा सल्ला तुम्हांला कोणीतरी देतोच. स्मरणशक्तीला आपण उर्दूत 'हाफिजा' म्हणतो. हाफिजा वाढवणारी बूटी म्हणून ब्राह्मीचे नाव घरोघरी ठाऊक आहे. पण तीच वनस्पती पायाखाली उगवलेली असली, तरी फार थोड्यांना ओळखता येते. शिवाय या एकाच नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून आधी त्यांतला फरक समजून घेऊ या.

पहिली नीरब्राह्मी. 'नीर' म्हणजे पाणी. तळ्याकाठी, ओढ्याच्या कडेला, भाताच्या खाचरात, जिथे जमीन ओली राहते तिथे ती सरपटत पसरते. तिचे खोड मऊ व रसाळ असते. खोडाच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने येतात आणि तिथूनच जमिनीत मुळे उतरतात. पान एक-दोन सेंटिमीटर लांब, जाड व बिनदेठाचे असते. ते टोकाला गोलसर आणि बुडाशी निमुळते, म्हणजे लहानशा चमच्यासारखे दिसते. पानाच्या बगलेत एकेकटे पांढरे किंवा फिकट जांभळे फूल येते. त्याला पाच पाकळ्या असतात.

दुसरी मंडूकपर्णी. ही कोथिंबिरीच्या कुळातली. तिचे पान गोलसर, गुर्द्याच्या आकाराचे असून लांब देठावर उभे असते. पानाची कडा दातेरी असते. एवढी खूण लक्षात ठेवली तर या दोघींत गल्लत होणार नाही. रानात उगवणारी घोळ, म्हणजे आपला कुल्फा, हिचीही पाने जाड असतात. पण तिची फुले पिवळी असतात.

नीरब्राह्मी पूर्वी 'स्क्रोफ्युलॅरिएसी' या कुळात गणली जाई. पुढे शास्त्रज्ञांनी वनस्पतींचे डीएनए तपासले, तेव्हा तिचे नाते दुसरीकडे जुळले. आता तिला इसबगोलाच्या कुळात ठेवतात.

ही वनस्पती घरी लावणे सोपे आहे. एक पसरट कुंडी घ्या. तिच्यात चिकणमाती आणि कुजलेले शेणखत भरा. नीरब्राह्मीच्या आठ-दहा सेंटिमीटर लांबीच्या फांद्या घेऊन त्यांची दोन-तीन पेरे मातीत दाबा. कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवा आणि माती कधीही वाळू देऊ नका. मात्र पाणी साचवूही नका, नाहीतर त्यात डास अंडी घालतील. थोड्याच दिवसांत फांद्या मुळे धरतात. वाढलेले शेंडे कापताना बुडखा राखा. तो पुन्हा फुटतो.

आता एक महत्त्वाची सूचना. गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यात उगवलेली नीरब्राह्मी कधीही खाऊ नका. ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू शोषून घेते. वरून ती हिरवीगार दिसते, पण विष आत साठलेले असते.

आणि हाफिज्याचे काय? 2001 साली ऑस्ट्रेलियात प्रौढ माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांना रोज 300 मिलिग्रॅम अर्क दिला. त्यांच्या शिकण्याच्या वेगात काही सुधारणा दिसली, पण ती मुख्यतः 12 आठवड्यांनंतर. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाने चघळून काहीही साधणार नाही. उलट पोट मात्र बिघडू शकते. औषध म्हणून ती घ्यायचीच असेल, तर हकीम, वैद्य किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मित्रांनो, कुंडीला रोज थोडे पाणी द्यावे लागते, एकदम बादलीभर ओतून चालत नाही. अभ्यासाचेही तसेच आहे.