कानासाठी रचलेला संगणक

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रीन रीडर, मिळाली की दृष्टिहीनांची संगणकाची अडचण सुटते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कोणता कंस कोणात बसतो, चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे, हे डोळ्यांना एका नजरेत कळते आणि क्रमाने उलगडणाऱ्या आवाजात मात्र हरवते. या प्रश्नाचा मूलगामी विचार पुण्याच्या टी. व्ही. रामन यांनी केला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या रामन यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधासाठी ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली रचली, जिला त्यांनी आपल्या मार्गदर्शक श्वानाचेच नाव दिले होते. ‘क्ष चा घात न अधिक एक’ असे सपाट वाचल्यास तो ‘एक’ घातांकात आहे की बाहेर, हे उमगत नाही. अ‍ॅस्टर घातांकासाठी स्वर चढवते आणि तो संपताच मूळ पट्टीवर येते, म्हणजेच कागदावरची उंची येथे स्वराची उंची होते.

हेच तत्त्व त्यांनी १९९५ च्या ‘ईमॅकस्पीक’ या आज्ञावलीत संगणकीय संहितेला लावले, तर २००५ पासून गूगलमध्ये काम करताना स्पर्शपडद्यावर बोट जेथे टेकेल तेथेच ‘५’ मानून उरलेले अंक त्याच्या सभोवती ठेवण्याची युक्ती योजली. बटण शोधत बसण्याची गरजच त्यामुळे उरली नाही.

बेंगळुरूतील मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या प्रयोगशाळेत घडलेले ‘कोडटॉक’ हे प्रोग्रामरांसाठीचे साधन याच वाटेवरचे आहे. २०१८ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिणाऱ्यांत वेंकटेश पोटलुरी आणि विद्या वाय. हे स्वतः दृष्टिहीन असलेले संशोधक होते, आणि त्या साधनाचे मर्म बहुधा यातच आहे. चुकीच्या शब्दाखाली उमटणारी लाल नागमोडी रेघ दृष्टिहीन प्रोग्रामरपर्यंत सहज पोहोचत नाही, म्हणून कोडटॉक चूक होताच ध्वनिसंकेत देते. ‘टॉकपॉइंट’ ही सोय तर चालू प्रोग्राम विशिष्ट ओळीवर आला की ध्वनी वा शब्द ऐकवते. विद्या यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली ‘व्हिजन एम्पॉवर’ ही बेंगळुरूची संस्था दृष्टिहीन मुलांना गणित आणि विज्ञान शाळेतच शिकता यावे यासाठी काम करते.