साहित्योत्सवाचा श्रोता : मालगुंडचा किनारा आणि काशीचा ब्रह्मा घाट

संमेलन आणि उत्सव हे दोन शब्द अलीकडे आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरू लागलो आहोत. परंतु त्यांच्यामागे दोन निरनिराळ्या व्यवस्था आहेत. संमेलन लेखकांचे असते. त्याला अध्यक्ष लागतो, समित्या लागतात, ठराव लागतात, आणि ते यंदा या नगरात तर पुढील वर्षी त्या नगरात भरू शकते. उत्सव गावाचा असतो. त्याची तिथी ठरलेली, मानकरी ठरलेले, आणि कोणी कोठे बसावयाचे हेही बहुधा ठरलेलेच. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नेलाच तर गावकरी स्वतः स्थलांतर करून आपल्याबरोबर नेतात. समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा गावात साहित्याचा कार्यक्रम होतो तेव्हा तो या दोहोंपैकी काय असतो, हा प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर एक महत्त्वाची गोष्ट अवलंबून आहे : त्या गावचा माणूस तेथे श्रोता म्हणून बसतो की केवळ गर्दी म्हणून.

उदाहरण म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड घ्यावे. गणपतीपुळ्याला लागून असलेले हे किनाऱ्यावरील गाव कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचे जन्मस्थान. वडील तेथील शाळेत शिक्षक होते. 1990 मध्ये रत्नागिरीस मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले आणि त्यानंतर लगेच, 1991 मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. या परिषदेने मालगुंडचे जन्मघर जतन करून त्याच्या परिसरात केशवसुतांचे स्मारक उभारले. त्याचे उद्‌घाटन 8 मे 1994 रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. तेथे कविता शिळांवर कोरलेल्या आहेत, आधुनिक मराठी कवींचे दालन आहे, ग्रंथालय आहे. मेळावे व कविसंमेलने यांमुळे एरवी गणपतीपुळ्याहूनच परत फिरणारा मराठी वाचक या गावाकडे वळू लागला. एका प्रादेशिक परिषदेने राजधानीपासून दूर राहून केलेले हे काम थोडे नव्हे.

या स्थळात एक विसंगती आहे आणि ती मला फार अर्थपूर्ण वाटते. 1866 साली जन्मलेले केशवसुत मालगुंडचे खरे, पण त्यांचे कर्तृत्वाचे आयुष्य मालगुंडात गेले नाही. मुंबई, खानदेशातील भडगाव व फैजपूर, शेवटी धारवाड, असा त्यांच्या शिक्षकी पेशाचा प्रवास. आणि 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळी येथे प्लेगने मृत्यू. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपट्यांनी तो 1917 मध्ये प्रसिद्ध केला. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही त्यांची कविता तर जन्मभूमी सोडून दूर राहिलेल्या माणसाने तिकडून येणाऱ्या वाऱ्यालाच उद्देशून लिहिलेली आहे. म्हणजे मालगुंड ज्याचा उत्सव करते तो गाव सोडून गेलेला कवी आहे. हा अपवाद नव्हे, हाच कोकणचा नियम. ‘गारंबीचा बापू’ (1952) लिहिणारे श्री. ना. पेंडसे मुंबईत नोकरी करीत होते. कोकणची कादंबरी बहुतांशी कोकणाबाहेर लिहिली गेली, मुंबई-पुण्यास छापली गेली, आणि तिची समीक्षाही तेथेच झाली. किनाऱ्यावर साहित्योत्सव भरवावयाचा म्हणजे या गेलेल्या माणसांना परत बोलवावयाचे.

बोलावणे चांगलेच, पण जो मागे राहिला त्याचे काय? त्याच्यापाशी साहित्य नव्हते असे नाही. गणपतीच्या दिवसांत रत्नागिरीकडे जाखडी होते, तीत शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर येतात. मृदंगाच्या साथीने गाणारे मध्ये बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. आधी गण, मग गौळण, आणि मग सवालजबाब. प्रकृती श्रेष्ठ की पुरुष श्रेष्ठ, हा त्यांचा मूळ वाद. पुराणातील एखादा कूट प्रश्न पद्यात घालून एक शाहीर दुसऱ्याला अडवतो आणि दुसऱ्याने त्याच बैठकीत पद्यातच उत्तर द्यावयाचे. हे ज्यांच्यासाठी चालते त्या शेतकरी-कष्टकरी श्रोत्यांना प्रश्न कोणत्या पुराणातला, उत्तरात कोठे चलाखी केली, चाल कोणाच्या गुरुघराण्याची, हे सर्व कळते. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनी हीच कला तेथील नाट्यगृहांपर्यंत नेली. दक्षिणेस, सिंधुदुर्गात, देवळांच्या जत्रांतून रात्रभर दशावतार चालतो. त्याच्या आख्यानाला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. आणि तो भरकटला तर पहिल्या रांगेतील म्हातारा मान हलवून ते दाखवून देतो. ही मान हलविणे म्हणजे समीक्षाच होय. आपल्या नियतकालिकांतून ती छापली जात नाही, इतकेच.

आता एखाद्या किनाऱ्यावरील गावात साहित्याचा मांडव पडतो तेव्हा काय होते ते पाहावे. व्यासपीठावर प्रमाण मराठी असते. परिसंवादाचा विषय बहुधा ‘साहित्य आणि समाज’ या थाटाचा. गावातील मंडळी जेवणाची व्यवस्था पाहतात, शाळेची मुले स्वागतगीत म्हणतात, आणि ‘स्थानिक लोककला’ संध्याकाळी, दिवसभराचे गंभीर काम आटोपल्यावर, करमणूक म्हणून ठेवलेल्या असतात. अनेक ठिकाणी दिसणारा हा ढाचा आहे आणि तो कोणाच्या दुष्टाव्याने झालेला नाही. संमेलनाची चौकट उचलून उत्सवाच्या जागी ठेवली की तो आपोआप तयार होतो. शक्ती-तुऱ्याचा शाहीर दिवसाच्या परिसंवादात का बसत नाही? त्याला पद्यरचना, वृत्त, वादाची मांडणी यांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मालवणीने मराठी रंगभूमी किती हलवून सोडली हे गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने 1980 मध्ये दाखविले, पण तेथेही ती बोली मुंबईत जाऊन गाजली तेव्हाच तिला मान मिळाला. व्यासपीठावर कोणाला बसवावयाचे हा प्रश्न मराठीत जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली आणि 1885 च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले, हे सर्वश्रुत आहे. त्या पत्राचे उत्तर आपण अद्याप पुरते दिलेले नाही.

उत्सव गावकरी स्वतःच नेतात, असे वर म्हटले. त्याचा दाखला समुद्रापासून शेकडो मैल दूर, गंगेच्या काठी आहे. काशीत पंचगंगा घाटाच्या शेजारी दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट आहेत. पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकर यांनी या भागात घाट बांधविले आणि त्यांच्यामागील अरुंद गल्ल्यांतून महाराष्ट्रातून, विशेषतः कोकणातून, आलेल्या वैदिक, शास्त्री व आश्रित कुटुंबांची वस्ती वाढली. पुण्यात 1893 मध्ये टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ब्रह्मा घाटावर आंग्र्यांच्या वाड्यात काशीचा गणेशोत्सव सुरू झाला. आंग्रे हे नाव कुलाब्याच्या किनाऱ्याचे, मराठ्यांच्या आरमाराचे. त्या नावाच्या वाड्यात गंगातीरी मराठी उत्सव भरावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

येथील मराठी माणसाची वाङ्मयीन स्थिती कोकणच्या नेमकी उलट झाली. तो लिहू लागला हिंदीत. ‘आज’ या दैनिकाचे नामवंत संपादक बाबूराव विष्णु पराडकर (1883-1955) काशीत जन्मलेले मराठीभाषी. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर बंगालीचे लेखक. मामाची बंगाली ‘देशेर कथा’ (1904) भाच्याने हिंदीत आणली. एका मराठी घरातील दोघांमध्ये मराठीत न उतरता झालेला हा व्यवहार अनुवादकाला अंतर्मुख करणारा आहे. लक्ष्मण नारायण गर्दे हेही याच परंपरेतले. छापील शब्द, उपजीविका, सार्वजनिक कीर्ती, सर्व हिंदीकडे गेले. मराठी उरली ती घरात, आणि वर्षातून काही दिवस उत्सवात : आरतीत, कीर्तनात, श्लोकपठनात. मुलांचे शिक्षण हिंदीत वा इंग्रजीत होते. देवनागरी एकच असल्याने ती मराठी अक्षरे वाचतात; पण मराठी पुस्तक हातात घेण्याचे कारण त्यांना पडत नाही. अशा स्थितीत मराठी वाङ्मयाशी त्यांचा जो काही संबंध राहतो तो कानाने राहतो. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग ही विभागणी यादृष्टीने फार शहाणपणाची. पूर्वरंगातील निरूपण ज्याला पुरते कळले नाही त्यालाही उत्तररंगातील आख्यान हाती लागते, आणि आख्यानाच्या ओढीने तो पुढल्या वेळी निरूपणही ऐकतो.

काशीत मराठी ग्रंथाला श्रोता मिळण्याची कथा तर याहून कितीतरी जुनी आहे. एकनाथांनी आपले भागवत शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीत पूर्ण केले. प्राकृतात भागवत लिहिल्याबद्दल पंडितांनी त्यांना बोलावून जाब विचारला आणि ग्रंथ ऐकल्यावर त्याचीच मिरवणूक काढली, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिक सत्यता संशोधकांनी तपासावी. मला तीत महत्त्वाचे वाटते ते हे की परंपरेने या प्रसंगाची कल्पना करताना निकाल वाचनाने लावला नाही, श्रवणाने लावला. ग्रंथ पोथीत होताच. तो मान्य झाला तो सभेत वाचला गेल्यावर.

श्रोत्याला असा अधिकार देणारी आणि तरीही आधुनिक असलेली व्यवस्था शोधावयाची तर वेल्सकडे पाहावे लागते. 1176 मध्ये समुद्राजवळच्या कार्डिगन किल्ल्यात राजा ऱ्हीस याने कवींची व गायकांची स्पर्धा भरविली. त्या परंपरेशी नाते सांगणारा राष्ट्रीय आइस्तेद्वोद दरवर्षी उत्तर व दक्षिण वेल्समध्ये आळीपाळीने, कित्येकदा लहान गावांच्या माळावर, भरतो. व्यासपीठावरील सर्व व्यवहार वेल्श भाषेत करण्याचा नियम 1950 पासून आहे; ज्याला ती येत नाही त्याच्या कानाशी अनुवाद असतो. पाहुण्यासाठी भाषा बदलत नाहीत, त्याच्यासाठी अनुवादक ठेवतात. कविता टोपणनावाने येतात, परीक्षक आपला निर्णय सकारण जाहीर वाचून दाखवितात, आणि ती परीक्षणे पुढे छापूनही निघतात. हजारो सामान्य माणसे त्या दिवशी समीक्षा ऐकण्यासाठी बसतात! 1917 मध्ये हा उत्सव वेल्सबाहेर, इंग्लंडातील बर्कनहेड येथे, स्थलांतरित वेल्श वस्तीत भरला होता. विजेत्या कवीचे टोपणनाव पुकारले गेले तेव्हा कोणी उठले नाही. तो हेद विन, एका शेतकऱ्याचा मुलगा व मेंढपाळ, काही आठवड्यांपूर्वी युद्धात मारला गेला होता. त्याला द्यावयाच्या खुर्चीवर काळे वस्त्र घातले गेले.

वेल्सची नक्कल करा असे सुचवावयाचे नाही. तेथील विधींत एकोणिसाव्या शतकात घुसलेला पुष्कळ कृत्रिम थाटमाटही आहे. परंतु दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, परीक्षण जाहीर करणे. किनाऱ्यावरील उत्सवात कविसंमेलन होते आणि टाळ्यांवर संपते. त्याऐवजी एका जाणत्या समीक्षकाने व एका जाणत्या शाहिराने, दोघांनी मिळून, ऐकलेल्या रचनांवर तेथेच बोलावे. दशावताराच्या श्रोत्याला हा प्रकार परका वाटणार नाही. दुसरी, बोलीला दिवसाचे सत्र देणे आणि प्रमाण मराठीच्या पाहुण्याला तिचा अर्थ लावून देण्यासाठी माणूस नेमणे. आजवर उलटे होत आले आहे.

आणि उत्सव हलविता येत नसला तरी त्याचे माणूस जेथे गेले तेथे त्याला जाता येते. मालगुंडच्या कवीचे वर्ष एकदा फैजपुरास, एकदा धारवाड-हुबळीस पाळावे. कानडी मुलखात तो गेला, तर कन्नड कवीही त्या सभेत असावेत. मग एकदा ते ब्रह्मा घाटावर, गणेशोत्सवाच्या दिवसांत, आंग्र्यांच्या वाड्यात यावे. तेथे येणाऱ्या जाखडीच्या फडाला मराठी कानाने ऐकणारी पण हिंदीत विचार करणारी पिढी भेटेल, आणि शाहिराच्या सवालाचा अर्थ कोणत्या भाषेत फोडून सांगावयाचा, हे मंडळाच्या चालकांना फड काशीस पोहोचण्यापूर्वीच ठरवावे लागेल.