सामाजिक शास्त्रे, वाणिज्य आणि संख्याशास्त्र : पदवीच्या तीन वाटा

बारावीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजात बहुधा दोनच शब्दांत दिले जाते : डॉक्टर किंवा इंजिनिअर. तेथे प्रवेश मिळाला नाही की 'मग आर्ट्स-कॉमर्स आहेच' असे म्हटले जाते. त्यामुळे सामाजिक शास्त्रे, वाणिज्य आणि संख्याशास्त्र हे अभ्यासक्रम विचारपूर्वक निवडले जात नाहीत, ते पदरी पडतात. या विषयांत नेमके काय शिकवले जाते आणि त्यांची पूर्वतयारी केव्हा करावी लागते, हे विद्यार्थ्यांना व पालकांना वेळेवर समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ऊसतोडीचे उदाहरण घेऊ. दरवर्षी बीड जिल्ह्यातून असंख्य कुटुंबे साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ही जोडी हंगामभर राबते. ही उचल आगाऊ मजुरी आहे की कर्ज, असा प्रश्न अर्थशास्त्र विचारते. फडावर कोणत्या जातींची माणसे जातात, याचा शोध समाजशास्त्र घेते. कायद्याच्या दृष्टीने यांचा मालक कोण, कारखाना की मुकादम, हा राज्यशास्त्राचा प्रश्न झाला. कोरडवाहू गावांतून हे स्थलांतर कधी व का सुरू झाले, हे इतिहास सांगतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखान्याच्या हिशेबात कसा मांडला जातो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला वाचता येते. आणि फडावरची किती मुले शाळेला मुकतात? प्रत्येक फडावर जाणे अशक्य असेल, तर कोणते फड निवडावेत म्हणजे अंदाज विश्वासार्ह ठरेल? याचे उत्तर संख्याशास्त्र देते. प्रश्न एकच, वाटा निरनिराळ्या.

या वाटा एकत्र आणल्या तर काय साधते, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात आहे. भारतातील लहान शेतजमिनींवरील त्यांचा निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, असे तेव्हाचे विद्वान म्हणत होते. बाबासाहेबांनी दाखवले की तुकड्याचे आकारमान हा मूळ रोग नव्हे. जमिनीच्या प्रमाणात भांडवल व साधने अपुरी आहेत आणि शेतीवर माणसांचा भार अतोनात आहे. यावर त्यांनी सुचवलेला उपाय औद्योगिकीकरणाचा होता. आकडे सर्वांपुढे होते. त्यांना योग्य प्रश्न विचारणारा अभ्यासक मात्र हवा होता.

आता पूर्वतयारीविषयी. या तिन्ही क्षेत्रांत एक दार अकरावीतच बंद होते, ते गणिताचे. वाणिज्य शाखेत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांतून निवड करता येते, आणि पुष्कळ विद्यार्थी गणिताला घाबरून दुसरा विषय घेतात. साध्या बी.कॉम.ला त्याने अडत नाही. परंतु दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश घ्यावयाचा तर बारावीला गणित लागते. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.साठीही ते अनिवार्य आहे. विद्यार्थ्यांकडून शिक्षण-शुल्क न घेता त्यांना विद्यावेतन देण्याची या संस्थेची परंपरा आहे. गरीब घरातील हुशार मुलाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. कला शाखेतही, महाविद्यालयात सोय असल्यास, गणित हा विषय घेता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

वाणिज्य शाखेत बी.कॉम. आणि बी.बी.ए. यांतील भेदही ध्यानात घ्यावा. बी.कॉम.चा भर हिशेब, कर व व्यापारी कायदे यांवर असतो, तर बी.बी.ए.चा व्यवस्थापनावर. महाराष्ट्रात २०२४ पासून बी.बी.ए.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिच्या अर्जाची मुदत चुकली तर वर्ष हातचे जाऊ शकते. शिवाय विनाअनुदानित तुकडीचे शुल्क अनुदानित तुकडीच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून प्रवेशापूर्वीच शुल्क किती आणि त्यातील किती भाग शिष्यवृत्तीतून भागेल, याची महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य विषयाबरोबर गौण विषयही घेता येतो. समाजशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र अशी जोडी मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी. विद्यार्थी मित्रांनो, दहावीचा निकाल लागताच हा विचार सुरू करा, आणि गणित सोडण्याआधी गणिताच्या शिक्षकांशी एकदा तरी मोकळेपणाने बोला.