मोत्याचा सूर

संध्याकाळ झाली म्हणजे वसईच्या वाड्यांतून नाना प्रकारचे सूर ऐकू येऊ लागतात. आगाशीच्या एखाद्या घरी ओटीवर भजनासाठी पेटी उघडलेली असते. शेजारी कोणी तबल्यावर हात बसवीत असतो. नंदाखालच्या बाजूला चर्चमध्ये गावयाच्या गीताचा सराव व्हायोलिनवर चाललेला असतो. अंगणात केळीच्या सावलीला घरचा मोत्या पाय पसरून पडलेला असतो. पेटीवर एक लांब सूर धरला जातो, आणि मोत्या मान उचलून, तोंड आभाळाकडे करून ‘ऊऽऽ’ असा दीर्घ स्वर काढतो. मुले हसू लागतात. पण घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. कुत्र्याचे रडणे अशुभ, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. मग कोणीतरी काठी उचलतो, आणि रात्रभर वाडीची राखण करणाऱ्या त्या मुक्या प्राण्याला विनाकारण मार खावा लागतो.

वस्तुतः तो रडत नसतो. तो उत्तर देत असतो.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज होय. निदान १५,००० वर्षांपासून तो माणसाच्या सोबतीला आहे. परंतु रानातील काही सवयी त्याच्या अंगी अजून टिकून आहेत. लांडग्यांचा कळप पांगला म्हणजे ते दीर्घ हाळी घालून एकमेकांना आपला ठावठिकाणा कळवितात. एकाने हाळी दिली की दुसऱ्याला स्वस्थ बसवत नाही. आवाज म्हणजे हवेची कंपने. लांडग्याच्या हाळीत दर सेकंदाला साधारणपणे १५० ते ८०० कंपने असतात. पेटीच्या मधल्या सप्तकातील सूरही ह्याच मर्यादेत येतात. म्हणून पेटी, सनई, शंख, व्हायोलिन अशा लांबणाऱ्या आवाजांना कुत्रा साद देतो. तबल्याचा बोल उमटतो न उमटतो तोच विरतो. त्याच्याशी मोत्याला काही कर्तव्य नसते. घंटेचा नाद मात्र बराच वेळ घुमतो. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा येथील चर्चमधील घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत बांधल्या. माणसांच्या लेखी हा केवढा फरक! कुत्र्याला दोन्ही घंटा सारख्याच.

गाणे शिकणाऱ्यांची एक तक्रार असते, की कुत्रा सूर लावतो खरा, पण तो आपल्या सुराशी मिळत नाही. ह्यालाही कारण आहे. लांडगे एकत्र ओरडू लागले म्हणजे एकाने धरलेला सूर दुसरा सहसा धरीत नाही. तो किंचित वर किंवा खाली सरकतो. त्यामुळे थोडे लांडगे असूनही पुष्कळ असल्याचा भास होतो. पेटीच्या साथीला बसलेला मोत्या नेमके हेच करीत असतो. आपल्या कानांना तो बेसूर वाटतो. त्याच्या कुळाच्या रीतीप्रमाणे त्याचे काही चुकत नाही.

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) ह्यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्वांसारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. खाँसाहेबांजवळ टिपू नावाचा कुत्रा होता. त्यांनी त्याला सूर लावावयास शिकविले होते आणि तो श्रोत्यांपुढेही गात असे, असे संगीतप्रेमी मंडळी आजही कौतुकाने सांगतात. ज्यांच्या सुरेलपणापुढे मोठमोठे गवई मान लववीत, त्या खाँसाहेबांना कुत्र्याच्या स्वरात अशुभ असे काही आढळले नाही!

तथापि प्रत्येक आवाज कुत्र्याला सुखाचा असतो, असे मात्र नव्हे. माणसाला दर सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. दूरची बारीक चाहूलही त्याच्या कानी पडते, आणि म्हणूनच वाडीत चोर शिरण्यापूर्वी तो सावध होतो. पण ज्या कानाला सुकलेल्या पानाची सळसळ कळते, त्या कानाजवळ दिवाळीचा फटाका फुटला तर काय होत असेल! लग्नाच्या वरातीतील बँड, मिरवणुकीतील ढोल आणि ध्वनिवर्धक ह्यांपासून त्याला दूर पळता आले तर ठीक. विरार किंवा नालासोपारा येथील इमारतीत, दोन खोल्यांच्या घरात, त्याने पळावे तरी कोठे?

बेलफास्ट येथील संशोधकांनी २००२ साली ह्या विषयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आश्रयगृहातील ५० कुत्र्यांना त्यांनी निरनिराळे संगीत ऐकविले. पाश्चात्त्य अभिजात संगीत चालू असता कुत्री अधिक वेळ शांत पडून राहिली. कर्कश ‘हेवी मेटल’ संगीत लावताच त्यांचे भुंकणे वाढले.

घरात वाद्य वाजत असता कुत्र्याकडे थोडे लक्ष दिले, तर त्याच्या मनातले सहज ओळखता येते. मोत्या आपण होऊन पेटीजवळ येऊन बसला, अंग सैल सोडून सूर लावू लागला, तर तो मजेत आहे. कान मागे दुमडले, शेपूट पायांत घातली, तो धापा टाकीत येरझारा घालू लागला किंवा खाटेखाली जाऊन दडला, तर आवाज त्याला सोसवत नाही. अशा वेळी पेटीचा भाता जरा हळू चालवावा, आणि अंगणाकडील दार उघडे ठेवावे.