अहमदनगरच्या दोन तवारिखा

कोल्हारहून राहुरीमार्गे गेले की आपण नगर शहरात पोचतो. सीना नदीकाठचे हे शहर अहमद निजामशहाने १४९४ मध्ये वसवले. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. या अहमदचा बाप कोण होता? प्रश्न साधा वाटतो, पण दोन जुन्या फारसी ग्रंथांत त्याची दोन उत्तरे आहेत.

आधी एका शब्दाची गंमत पाहा. उर्दूत ‘तारीख’ म्हणजे दिवस आणि इतिहासही. मराठीत तारीख म्हणजे फक्त दिवस. इतिहासाच्या ग्रंथाला मराठी माणूस ‘तवारीख’ म्हणतो. उर्दूतले अनेकवचन मराठीत एकवचन झाले!

पहिल्या तवारिखेचे नाव ‘बुऱ्हान-ए-मआसिर’. ती सय्यद अली तबातबा याने दुसऱ्या बुऱ्हान निजामशहाच्या पदरी राहून लिहिली. ग्रंथाला त्याने आरंभ कधी केला, हे नावातच लपले आहे. तुम्हांला अबजदचा हिशेब येतो. ‘बुऱ्हान’ या शब्दाचे २५८ होतात. ‘मआसिर’मधला मद्दचा अलिफ दोनदा मोजा, म्हणजे ७४२ होतात. बेरीज १०००. हिजरी सन १०००, म्हणजे इसवी सन १५९१-९२. पाटीवर करून पाहा.

दुसरी तवारीख मुहम्मद कासिम फरिश्ता याची. तो इराणातील अस्तराबादचा. लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला. वडील शाहजादा मीरान हुसेनला फारसी शिकवीत. पुढे १५८८ मध्ये याच शाहजाद्याने आपल्या बापाला गादीवरून दूर केले. त्या धामधुमीत फरिश्ता कसाबसा वाचला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ हा ग्रंथ लिहिला. लोक त्याला ‘तारीख-ए-फरिश्ता’ म्हणतात.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. तबातबा सांगतो की अहमद हा बहमनी सुलतानाचा मुलगा. मलिक हसनने त्याला फक्त वाढवले. फरिश्ता सांगतो की अहमद हा मलिक हसनचाच मुलगा. हा हसन मूळचा ब्राह्मण, त्याचे नाव तिमापा, बापाचे नाव बहिरू. बहमनी सैन्याने त्याला विजयनगरच्या मोहिमेत लहानपणी पकडून नेले. तेथे तो मुसलमान झाला, फारसी शिकला आणि मोठ्या पदाला चढला. ‘बहिरू’वरूनच त्याला ‘बहरी’ हे नाव पडले, असे फरिश्ता म्हणतो.

तबातबा निजामशहाचे मीठ खात होता. धन्याचे घराणे राजवंशातले ठरले तर धनी खूश होणारच. फरिश्त्याला तो धाक नव्हता, कारण त्याचा धनी विजापूरचा होता. अर्थात शेजारच्या दरबारात बसून निजामशाहीचे कौतुक करण्याची त्याला गरजही नव्हती, हेही विसरू नका. दोघेही दरबारीच!

मला स्वतःला फरिश्त्याचे म्हणणे जास्त पटते. त्याचे कारण पाथरी. अहमदचा मुलगा पहिला बुऱ्हान याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी गाव मागितले होते. आपले पूर्वज तेथले कुळकर्णी, म्हणून बदल्यात दुसरा मुलूख देतो, असे त्याचे म्हणणे होते. इमादशहाने नकार दिला. तेव्हा १५१८ मध्ये बुऱ्हानने पाथरी लढून घेतली. हा मजकूरही फरिश्त्याचाच आहे. ते पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे.