आईला सांगितलं, काढा उकळलाय!

२० जानेवारी २०१५. पोर्टलंडमध्ये सकाळचे सात. ऑफिसला निघायच्या गडबडीत मी एका उंच काचेच्या नळीसमोर डोळे बारीक करून उभी होते आणि मोबाइल वाजला. चंद्रपूरहून आई. तिकडे रात्रीचे साडेआठ.

‘‘ऐकलं का? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी होणार! मंत्रिमंडळानं ठरवलं. आताच टीव्हीवर सांगून राहिले.’’

तिच्या आवाजात दिवाळी होती. आणि माझ्या सिंकशेजारी एकोणीस लिटर बीअर बुडबुडत होती. मी स्वतःच्या हातांनी केलेली.

‘‘तू काय करून राहिली?’’

‘‘काही नाही गं. काढा उकळलाय, तोच बघतेय.’’

‘‘घे, घे. थंडी असंल तिकडे.’’

आता खोटं बोलायचंच तर निदान चवीला जुळणारं तरी बोलावं. हॉप्सचं पाणी खरंच काढ्याइतकं कडू लागतं!

चहाची गाळणी आणि हिरवा चिखल

ऑनसाइट गेलेल्या प्रत्येकाला पहिल्या हिवाळ्यात एखादा नाद लागतोच. कुणी स्कीइंग शिकतं, कुणी पुरणपोळी. मला टीममधल्या एकानं घरगुती बीअरच्या नादाला लावलं. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं घरी स्वतःपुरती बीअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, तेही टॅक्सशिवाय. त्यात ऑरेगन म्हणजे हॉप्सचं माहेर. ‘कॅस्केड’ ही जगभर गाजलेली जात तिथल्याच संशोधनातून १९७२ साली बाहेर आली.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात ती पिकतात. कोंब आणून वाळवलेल्या जवाच्या गोड पाण्यात ही फुलं तासभर उकळली की कडूपणा उतरतो. अगदी शेवटी टाकली तर वास टिकतो. मी दुकानातून आणल्या होत्या त्यांच्या दाबून केलेल्या गोळ्या. उकळल्यावर त्यांचा होतो हिरवागार चिखल, आणि तो गाळायला मी घेतली चहाची गाळणी! दोन कप गेले, तुंबली. चमच्यानं खरवडली, पुन्हा तुंबली. एकोणीस लिटर उतरेपर्यंत रात्रीचा एक वाजला होता.

पुढच्या वेळी शहाणपण आलं. हॉप्स पातळ कापडाच्या पिशवीत सैलसर बांधायचे, आई मसाल्याची पुरचुंडी भातात सोडते तसे. नाहीतर गॅस बंद करून पळीनं एकाच दिशेनं जोरात ढवळायचं आणि वीस मिनिटं झाकून ठेवायचं. गाळ मधोमध बसतो, कडेचं नितळ पाणी काढून घ्यायचं. थोडा गाळ गेलाच तर टेन्शन नाही, तो तळाशी बसतो. मात्र जे काही गाळायचं ते थंड झाल्यावर, पण यीस्ट घालायच्या आधी. तेव्हा हवा मिसळली तर यीस्टला बरंच असतं. आंबून झाल्यावर खळखळ ओतलंत, तर बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते!

लॅक्टोमीटरचा चुलतभाऊ

दूध डेअरीत लॅक्टोमीटर बघितलाय ना? हायड्रोमीटर त्याचाच चुलतभाऊ. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. पाण्यात साखर असली की वर तरंगतो. माझा सुरुवातीचा आकडा होता १.०५०. यीस्ट साखर खातं, तिची दारू करतं, आणि आकडा दिवसागणिक खाली येतो. शेवटी माझा थांबला १.०१२वर. पहिल्यातून शेवटचा वजा करा, १३१नं गुणा, की आली दारूची टक्केवारी. सुमारे पाच टक्के. दहावीच्या गणितापेक्षा सोपं.

पण उतावळेपणा वाईट. मी रोज झाकण उघडून सॅम्पल काढायची. प्रत्येक वेळी ग्लासभर बीअर कमी आणि बाहेरचे जंतू आत जायची भीती. शिवाय बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. नळीत त्याला हलकेच गिरकी द्यायची, बुडबुडे सुटले की वाचायचं. बहुतेक हायड्रोमीटर साधारण २० अंशांना बरोबर असतात, म्हणून गरम सॅम्पल नको. काढलेलं सॅम्पल परत भांड्यात ओतायचं नाही. आणि तीन दिवस आकडा जागचा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. नाहीतर आत वायू साठून बाटली फुटते.

आईचा फोन ठेवून मी पुन्हा नळीकडे बघितलं. १.०२४. आणि मला मामा आठवला.

पुलाच्या अलीकडे, पलीकडे

मामा गडचिरोलीचा. त्या जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी. पण मध्ये वैनगंगा, आणि नदीच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, तिथे दुकानं उघडी. मामा संध्याकाळी सायकलवर पूल ओलांडून यायचा. विचारलं की म्हणायचा, ‘‘थोडीशीच घेतली.’’ थोडीशी म्हणजे किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. २००८ साली तो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी कारण लिव्हर सांगितलं.

डिसेंबर २०१०मध्ये दारूबंदीसाठी बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे चालत निघाल्या, तेव्हा आईही दोन दिवस चालली. पायाला फोड घेऊन परत आली. १ एप्रिल २०१५ला चंद्रपुरात बंदी लागू झाली, तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले. २०२१मध्ये सरकारनं ती उठवली. बंदीत चोरटी दारू बोकाळली, हे त्यामागचं एक कारण होतं. आईकडे त्याला उत्तर नव्हतं. तिच्याकडे फक्त मामा होता.

मी तोवर पुण्यात परतले होते. इथे मायक्रोब्रुअरीत बसून बीअर पिता येते. पण १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी करता येत नाही. किट मी पोर्टलंडमध्येच टीममेटला देऊन टाकलं होतं. हायड्रोमीटर तेवढा मोज्यात गुंडाळून बॅगेत आला. का, ते माहीत नाही.

मोहाचं पाणी

गेल्या एप्रिलमध्ये आई आणि मी मामीकडे गेलो. दिवस मोहाचे. पहाटे झाडाखाली पिवळसर, रसरशीत फुलांचा सडा पडतो आणि उन्हं चढायच्या आत अख्खं घर टोपल्या घेऊन वेचायला जातं. शहरातल्या आपल्याला मोह म्हटलं की दारूच आठवते. पण या भागात ही फुलं भाकरीत जातात, लाडवात जातात, पावसाळ्यासाठी वाळवून ठेवतात. २०२१मध्ये राज्यानं मोहफुलांवरचे निर्बंधही सैल केले.

मामीनं लाडवांसाठी फुलं उकळून पाणी गाळलं होतं. तपकिरी, गोड वासाचं. तो वास ओळखीचा वाटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘आई, पोर्टलंडचा तो काढा नव्हता. बीअर होती. मीच केली होती.’’

आई फुलं निवडत राहिली. मग म्हणाली, ‘‘मले शंका आलीच होती. काढा पिऊन कोणी एवढं खुशीत बोलते का?’’ थोड्या वेळानं हलक्या आवाजात, ‘‘किती प्यायची?’’

‘‘आठवड्याला दोन ग्लास. पाच टक्केवाली. मोजून.’’

ती काही बोलली नाही. मी बॅगेतून हायड्रोमीटर आणला, निवलेलं थोडं मोहाचं पाणी उंच ग्लासात घेतलं आणि त्यात सोडला. १.०६०. दोघी वाकून बघायला लागल्या.

‘‘यात दारू हाय?’’ मामीनं विचारलं.

‘‘नाही. ही नुसती साखर. हे पाणी आंबवलं, की हा आकडा खाली येतो. जेवढा खाली, तेवढी दारू.’’

मामीनं माझ्या हातातून ग्लास घेतला, पाणी परत पातेल्यात ओतलं आणि पातेलं चुलीवर चढवलं.

‘‘मंग खाली येऊच नको देऊ,’’ ती म्हणाली, आणि फुंकणीनं जाळ मोठा केला.

संध्याकाळी पुण्याच्या डब्यात मोहाचे चाळीस लाडू भरले होते. आईनं स्वतः मोजून.