युरियाची गोणी आणि गव्हाण

नगर जिल्ह्यातला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) दुधाचा धंदा उसाच्या आधाराने वाढला. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, 1950 च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाण्यामागून ऊस आला, उसाच्या वाढ्यांवर जनावरे पोसली गेली, पुढे संकरित गाई आल्या. शेतातला खताचा मानपान मात्र बदलला नाही. शेणखत उसाला नि कांद्याला, चाऱ्याला उरलीसुरली युरियाची अर्धी गोणी. तेवढ्याने वैरण हिरवीगार दिसते, ती गाईच्या अंगी लागतेच असे नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यशवंत, फुले जयवंत हे संकरित नेपियर दिले, आरएल-88 हा लसूणघास दिला. वाण चांगले, पण खादाड. बाजरीचे दाणे घरात येतात, धसकटे तरी रानात राहतात. नेपियरच्या सरीतून दर दीड-दोन महिन्यांनी सगळेच कापून जाते. एकरी वर्षाला 40 टन हिरवा चारा धरला, तर वाळल्या वजनात तो साधारण 8 टन भरतो. त्यात नऊ टक्के प्रथिने हवी असतील तर 115 किलो नत्र चाऱ्याबरोबरच जाते. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र असते पावणेएकवीस किलो, म्हणजे साडेपाच गोण्या इथेच झाल्या. पालाशही जवळपास तितकाच जातो. तो बहुतेक गोमूत्रावाटे बाहेर पडतो आणि आपण गोठा धुऊन तो मोरीत सोडतो! त्यात आपली काळी, चुनखडीची जमीन. युरिया वरच्यावर फोकून ठेवला तर त्यातले बरेच नत्र अमोनिया होऊन उडून जाते. कापणी झाली की सरीत टाकून लगेच पाणी द्यावे. आणि वजन वाढावे म्हणून गवत जून होऊ दिले, तर कोणतेही खत ती काडी पुन्हा मऊ करत नाही.

घासाची तऱ्हा उलटी. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, म्हणून शिफारस हेक्टरी 20 किलो नत्र, 80 किलो स्फुरद, 40 किलो पालाश अशी असते. आपण मात्र त्यालाही युरियाच देतो. गाठी आळसावतात, तण माजते, आणि ज्याची खरी भूक होती ते स्फुरद राहून जाते.

जास्तीच्या नत्राचा खरा धोका कडवळात. युरिया दिलेला असतो, पावसाची ओढ बसते, वाढ थांबते. मुळे मात्र नायट्रेट ओढत राहतात आणि त्याचे प्रथिन होत नाही. ते साठते ताटाच्या बुडख्याकडे. जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, ते चॉकलेटी पडते आणि काही तासांत गाय आडवी होते. कोवळ्या कडवळातल्या सायनाइडचा धोका वेगळा. तो फुलोऱ्यानंतर ओसरतो, म्हणून जुनी माणसे फुलोऱ्याआधी कडवळाला विळा लावू देत नसत. नायट्रेट मात्र फुलोऱ्याला जुमानत नाही. सर पडून गेल्यावर आठवडाभर थांबावे, बुडखा हातभर सोडून कापावे. मुरघास केला तर नायट्रेट बरेचसे कमी होते, सगळे नव्हे.

उसाच्या वाढ्यात नि नेपियरमध्ये ऑक्झलेट असते. ते गाईचा कॅल्शियम बांधून ठेवते, आणि नत्र-पालाशाच्या मोठ्या मात्रेने नेपियरमध्ये ते वाढतेही. दोन्ही एकाच गव्हाणीत पडत असतील तर खनिज मिश्रणाला पर्याय नाही. तो खर्च वाचवणारे पुढे व्यालेल्या गाईच्या सलाइनवर घालवतात.

कालव्याखाली चोपण झालेल्या रानात यातले काहीच चालत नाही. तिथे मातीला चिकटलेले सोडियम आधी हलवावे लागते. जिप्सममधला कॅल्शियम ते हलवतो, कारखान्याच्या मळीचीही मदत होते; पण सुटलेले सोडियम वाहून न्यायला चर हवा. बिनचराच्या रानात टाकलेले जिप्सम म्हणजे पैसे पाण्यात. चर खणून, पावसाळ्याच्या तोंडावर ते मातीत मिसळायचे. तोवर त्या तुकड्यात पॅरा गवत निभावते. घास उगवणीलाच मार खातो.